खळ

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं काहीतरी उजळलं
आणि मला उकडल्या चिंचोक्यांचा वास आला.

साखर पेठेतली खोली, पहाटेचे चार,
मोरीशेजारी पातेल्यात रटरटणारी खळ,
कोपरापर्यंत पांढरा झालेला माझा बाप, भूमय्या येमूल,
सुताच्या लडीला ती चोळत म्हणायचा,
"ताणानं नाही तुटत सूत.
उघडं राहिलं की तुटतं."

पुस्तकात चेतापेशी सुट्या काढतात,
कोऱ्या कागदावर, उन्हाळ्यातल्या बाभळीसारख्या,
मधे नुसती हवा.
पंधरा वर्षं मी त्याच आकृत्या भिंतीवर टांगतेय
शरीररचनेच्या वर्गात, खिळे ठोकून.
मधे हवा नसते.
मधे हायलुरॉननच्या लांबच लांब दोऱ्या,
त्यांना लटकलेली बाटल्या धुवायच्या ब्रशासारखी रेणूंची झुडपं,
झुडपांच्या केसाकेसात धरून ठेवलेलं पाणी,
आणि जोडावर गाठ मारणारं टेनॅसिन.
बरीचशी साखरच.
मेंदूचा पाचवा हिस्सा असा, पेशींच्या मधला,
रंगवल्याशिवाय न दिसणारा.
अम्मानं विचारलं, ह्याला काय म्हणतात?
मराठीत जमेना, तेलुगूत तर नाहीच.
शेवटी म्हटलं, गंजी.
"मग तसं सांग की आधी,"
ती म्हणाली, आणि तेंदूच्या पानावर कात्री फिरवत राहिली.

काही पेशींभोवती ही खळ वाळते, जाळी होते.
लहानपण संपता संपता.
शेजारच्या पेशीनं जिथं बोट टेकलंय
तिथं तेवढं भोक ठेवायचं, बाकी बंद.
जे आत आलं ते आलं.
माझ्या आत भिंतीपलीकडचे चार यंत्रमाग आले,
रात्रभर तोंडाला खळ नसलेले.
लग्नानंतर जुळे सोलापुरात शांत फ्लॅट घेतला,
तेव्हा महिनाभर टक्क जागी होते.
मग नवऱ्यानं खडखडणारा जुना पंखा लावून दिला.

गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या तिकिटाच्या रांगेत,
नान्नाचा उजवा हात खाली पडला. आधी हात, मग तो.
सिव्हिलमध्ये सातव्या दिवशी बोलायला लागला
तर सगळं तेलुगू.
साठ वर्षांची मराठी, बाजाराची, भांडणाची,
बीम उधार देणाऱ्या शेटजीशी घासाघीस करायची,
धुतल्या सुतासारखी, बिनखळीची.
नर्सला तो "नीळ्ळु" म्हणायचा,
ती माझ्याकडं बघायची,
मी म्हणायचे, पाणी.

जखमेच्या कडेकडेनं जाळी सैल पडते,
काही आठवडेच,
पेशी पुन्हा पोरासारख्या शिकायला बसतात.
हे उंदरांत पाहिलंय.
माणसात? मी डॉक्टरांना विचारलं.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

एक जिवाणू ही जाळी विरघळवणारा रस बनवतो म्हणे.
तो टोचला तर उंदीर नवं शिकतात
आणि जुनी भीतीही त्यांच्यातून गळते.
हे मी अम्माला सांगायला नको होतं.
तिनं विडी बांधता बांधता दोरा तोडला.
"भीती गेली तर जाऊ दे.
पण त्याच्यातून नेमकं काय गळेल
ते त्या किड्याला काय माहीत?
मी गळले तर?"

आता रोज संध्याकाळी त्याच्या डाव्या हातात
दोन तुटकी टोकं देते.
विणकराची गाठ. पूर्वी डोळे मिटून, एका चुटकीत.
आता अर्धा तास, दात लावून, थुंकी लावून,
आणि ओढली की सुटते.
काल सुटली नाही. वेडीवाकडी होती,
फणीतून गेली नसती.

रात्री लाइट गेली.
पलीकडचे माग एकदम थांबले
आणि तो दचकून उठला, आम्ही तिघंही उठलो.
अंधारात त्यानं स्पष्ट म्हटलं,
"खळ."

थांबलेल्या मागांना म्हणाला
की पातेल्यातली शोधत होता, कळलं नाही.
अम्मानं विचारलं, तेलुगूत.
तो उत्तर न देता उशाशी चाचपत राहिला, डाव्या हातानं,
दोरा मिळेपर्यंत.